दहा दिवसांची जर्मनी

माझे वजन सव्वा किलो आहे, आणि माझ्या शेवटच्या पानावरच्या नकाशात जर्मनी अजून दोन आहेत. मित्रांनो, यावरूनच माझे वय ओळखा. मी जर्मन-इंग्रजी शब्दकोश आहे. ज्या देशात मला छापले तो देश आज जगात नाही, आणि जिने मला चाळीस वर्षे सांभाळले ती बाई मला सोडून गेली. देशाचे मला फारसे वाटत नाही.

माझा जन्म १९७८ सालचा, लाइपझिग शहरातला. दुसऱ्या महायुद्धात हरल्यावर जर्मनीचे दोन देश झाले होते, पूर्वेचा आणि पश्चिमेचा. लाइपझिग पूर्वेला पडले. ते शहर शतकानुशतके पुस्तकांसाठी नावाजलेले. पण माझ्या वेळी चांगला कागद मिळत नव्हता, म्हणून माझी पाने पातळ आणि जराशी पिवळट आहेत. शिवण मात्र पक्की आहे. बांधणीतल्या बायका माझ्या पाठीवर सरस लावता लावता पश्चिमेकडे राहिलेल्या भावाबहिणींबद्दल हळू आवाजात बोलत. त्यांना तिकडे जाता येत नव्हते. मला मात्र जगभर जाता आले. आमच्याकडची पुस्तके तेव्हा भारतात स्वस्तात विकली जात. खोक्यातून मी मुंबई बंदरात उतरलो आणि काही वर्षे गोदामात काढून १९८४ साली पुण्यातल्या एका पुस्तक प्रदर्शनात आलो.

तिथे मला विभावरीने उचलले. ती तेव्हा एकवीस वर्षांची होती आणि जर्मन घेऊन बी.ए. करत होती. तिने मला उघडले, एक शब्द शोधला, तो सापडल्यावर स्वतःशीच मान डोलावली आणि मला छातीशी धरून रांगेत उभी राहिली. पुढे दोनच वर्षांत ती संध्याकाळच्या वर्गात जर्मन शिकवू लागली. तिच्या वर्गात जर्मनीला जायचे ठरवलेले इंजिनिअर असत, आणि ते पहिल्याच आठवड्यात गळपटत, कारण जर्मन भाषेत प्रत्येक वस्तू पुल्लिंगी, स्त्रीलिंगी नाहीतर नपुंसकलिंगी असते.

"घाबरता कशाला?" विभावरी म्हणायची. "त्यांची तीन लिंगं, आपलीही तीनच. टेबल 'ते' का आणि खुर्ची 'ती' का, हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं? इंग्रजीवाल्यांना रडू दे. आपण मराठी माणसं आहोत."

माझ्या समासांत ती शिसपेन्सिलीने मराठी अर्थ लिहायची. अक्षर बारीक, टोकदार. जर्मनमध्ये 'फेर्नवे' असा एक शब्द आहे. घराची ओढ लागते तशी दूरच्या मुलखाची ओढ लागणे. त्याच्यापुढे तिने लिहिले, 'मराठीत एक शब्द सापडत नाही.' मित्रांनो, ती माझी खरी कामाची वर्षे. दिवसातून पन्नास वेळा मला उघडले जाई, आणि प्रत्येक वेळी कुणाला तरी काहीतरी कळे.

१९८८ साली तिचे लग्न झाले. नवरा सूर्यकांत पाणीपुरवठ्यातला इंजिनिअर. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगतो, म्हणजे पुढे तुमचा गैरसमज होणार नाही. तो आवाज चढवत नसे आणि तिच्या हातच्या जेवणाला कधी नाव ठेवत नसे. पुढच्या वर्षी दोन पत्रे एकाच महिन्यात आली. एक त्याला, अमिरातीतल्या अल ऐन गावातल्या नोकरीचे. दुसरे तिला. परदेशी शिक्षकांसाठी जर्मनीत तीन महिन्यांचा अभ्यासक्रम होता, जुलैपासून, आणि त्यात तिची निवड झाली होती.

सूर्यकांतने दोन्ही पत्रे शांतपणे वाचली.

"आधी अल ऐनला जाऊन सेटल होऊ," तो म्हणाला. "नवीन देश, मी एकटा काय करणार? जर्मनी कुठं पळून जातेय? पुढच्या वर्षी जा."

ती विचार करून हो म्हणाली. मला तिने साड्यांमध्ये गुंडाळून बॅगेत ठेवले.

जर्मनी पळून गेली नाही हे खरे. पण माझी गेली. त्याच वर्षी लाइपझिगमध्ये दर सोमवारी लोक रस्त्यावर उतरू लागले, हातात मेणबत्त्या घेऊन, आधी हजारांनी आणि मग लाखांनी. नोव्हेंबरात बर्लिनची भिंत उघडली. अल ऐनच्या घरातल्या टीव्हीवर माणसे भिंतीवर चढून हातोड्याने घाव घालताना दिसत होती. विभावरीने मला मांडीवर घेतले होते. बातम्यांच्या मागे ऐकू येणारे जर्मन ओरडणे तिला कळत होते. सूर्यकांत चहाचा कप घेऊन मागे उभा होता.

"बघ, बरं झालं गेली नाहीस," तो म्हणाला. "केवढा गोंधळ आहे तिकडे."

पुढच्या वर्षी दोन्ही जर्मनी एक झाल्या. तिने पुन्हा अर्ज पाठवला. उत्तर आले की हा अभ्यासक्रम सध्या शिकवत असलेल्या शिक्षकांसाठीच आहे. ती तर आता कुणालाच शिकवत नव्हती.

अल ऐनमध्ये जर्मन कुणाला हवी होती? खजुरांच्या बागा, रुंद रस्ते, गोल चौक, गाडीशिवाय कुठे जाता येत नाही असे शांत गाव. आभाचा जन्म झाला. ती जेवणाच्या टेबलापर्यंत पोचत नव्हती, तेव्हा मला खुर्चीवर ठेवून माझ्यावर तिला बसवत. तीन वर्षे मी वरणभात सोसला. मग खिडकीतला एसी खडखडायचा, त्याच्याखाली मला सरकवले. तिथे मी अकरा वर्षे होतो. खिडक्या घट्ट बंद असल्या तरी तिथली बारीक वाळू घरात येतेच, आणि ती माझ्या पानापानांत शिरली. नवा एसी आला तेव्हा विभावरीने मला बाहेर काढले, फडक्याने पुसले, चाळले आणि कपाटावर ठेवले. तेव्हा तिच्या कानांजवळचे केस पांढरे झाले होते.

मित्रांनो, मी आणखी तसाच पडून राहिलो असतो. पण २०१८ साली तिचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. इस्पितळात एक नर्स सलाइन बदलता बदलता तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. 'मी गेले आहे' हे ती जर्मनमध्ये पाठ करत होती, आणि ते चुकत होते.

"जाणं-येणं असेल तर 'हाबे' नाही लावायचं," विभावरी पडल्या पडल्या म्हणाली. "तिथं 'बिन' येतं. 'इख बिन गेगांगन.'"

नर्सच्या हातातली सलाइनची पिशवी तशीच राहिली. ती दापोलीची हव्वाबी. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेली, तीस वर्षांची, घरी आई आणि दोन धाकटे भाऊ. जर्मनीत नर्स हव्या आहेत म्हणून ती मोबाइलवरून एकटीच भाषा शिकत होती, आणि दोनदा परीक्षेत नापास झाली होती.

"बाई," ती म्हणाली, "तुमचे टाके निघाले की मी घरी येऊ का?"

ती आली. आठवड्यातून तीन दुपारी, ड्यूटी संपवून, गणवेशातच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी मधोमध. विभावरीने माझ्यातला शब्द काढायचा, हव्वाबीने त्यावर वाक्य करायचे. "यल्ला बाई, चला, पुढचा," असे ती म्हणायची, आणि विभावरीला हसू यायचे. तीस वर्षांत तिला 'बाई' असे कुणी म्हटले नव्हते.

एकदा हव्वाबीने आपला तपासून आलेला निबंध छापून आणला. परीक्षेसाठी नव्याने लावलेल्या ऑनलाइन मास्तरने एकाच शब्दावर सात ठिकाणी लाल खुणा केल्या होत्या. मधल्या काळात जर्मन लोकांनी आपले शुद्धलेखन बदलले होते. विभावरी आणि मी, दोघेही जुनेच लिहीत होतो. तिने पेन्सिल घेतली आणि माझ्यात त्या एका शब्दावर काट मारून शेजारी नवे रूप लिहिले. मला तो अपमान वाटला नाही. माझी दुरुस्ती करावी एवढे तिला मी महत्त्वाचा वाटलो, याचाच आनंद झाला.

सूर्यकांत पाण्याची बाटली घ्यायला स्वयंपाकघरात येई. "चाललंय का तुमचं?" असे विचारून जाई. तिच्याकडे अजून कुणी शिकायला येईल का, हा प्रश्न त्याने कधी विचारला नाही.

तिसऱ्या खेपेला हव्वाबी उत्तीर्ण झाली. २०२१ मध्ये ती कासेल शहरातल्या एका इस्पितळात रुजू झाली. तिथल्या तिच्या घरासमोरच्या पदपथात पितळी पत्र्याने मढवलेला चौकोनी दगड बसवलेला होता, हाताच्या पंजाएवढा, त्यावर एक नाव आणि काही वर्षे कोरलेली. तिने फोटो पाठवला. 'बाई, हे काय?' मी काही सांगू शकलो नाही. त्या दगडासाठीचा शब्द माझ्यानंतर जन्मलेला. विभावरीने शोधून काढले. नाझींनी ज्याला घरातून उचलून नेले आणि मारले, तो माणूस त्या घरात राहत होता, म्हणून त्याच्या दारात तो दगड. जर्मन लोक त्याला अडखळण्याचा दगड म्हणतात. चालणाऱ्याने तिथे थबकावे, वाकून नाव वाचावे. हव्वाबी त्यानंतर कामाला जाताना त्या दगडावर कधी पाय पडू देत नसे.

तीन वर्षांनी तिला कायम राहण्याची परवानगी मागायची होती. त्यासाठी जर्मनीचा इतिहास, कायदे आणि चालीरीती यांची एक परीक्षा असते. तीनशे दहा प्रश्न आधीच जाहीर केलेले. त्यातले तेहेतीस विचारतात, आणि पंधरा बरोबर आले की पुरते. दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल लागे. विभावरीने सगळे प्रश्न वहीत उतरवून घेतले होते. भिंत कधी बांधली? एकसष्ट. राज्ये किती? सोळा. कासेलचे राज्य हेसेन, त्याची राजधानी? वीसबाडेन. ईस्टरला मुले काय रंगवतात? अंडी. आधी ती प्रश्न वाचून दाखवायची. दोन महिन्यांनी वही मिटलेली असायची, आणि तीनशे दहाच्या तीनशे दहा विभावरीला पाठ होते.

हव्वाबीचे बत्तीस बरोबर आले.

"चुकलं कोणतं?" विभावरीने विचारले.

"ते सांगत नाहीत, बाई. पण आता तुम्ही या. मेमध्ये मला लीव्ह आहे, दहा दिवस. खोली आहे माझ्याकडे. मी पडदे पण लावलेत."

विभावरीने जेवताना सूर्यकांतला सांगितले. "जा की," तो म्हणाला. "मी कुठं अडवलंय?"

मार्चमध्ये फॉर्म भरायला सुरुवात झाली. आभा आता नोकरी करत अबू धाबीच्या खलिफा सिटीत राहत होती. ती शनिवारी लॅपटॉप घेऊन आली.

"मम्मा, ओन्ली टेन डेज? टेक थ्री वीक्स," ती म्हणाली.

"दहा पुरे," विभावरी म्हणाली. "बर्लिनला एक दिवस, लाइपझिगला एक दिवस. बाकी कासेल."

लाइपझिग म्हणताना तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. सूर्यकांत समोरच बसला होता, स्वतःची काही कागदपत्रे लावत. विभावरीने यादी मोठ्याने वाचली. परत आल्यावर इथला निवास परवाना निदान तीन महिने बाकी असला पाहिजे, असे त्यात होते. ती त्याच्याच व्हिसावर होती, आणि तो जूनमध्ये संपत होता. पासष्टीनंतर कंपनी दरवर्षी एकेक वर्ष वाढवून देई.

"तुमचं रिन्यूअल कधी होतंय? त्याचा कागद लागेल."

सूर्यकांतने चष्मा काढून पुसला. "एचआरकडे आहे. होईल, इन्शाल्ला."

एप्रिलमध्ये अबू धाबीच्या व्हिसा केंद्रात तिची वेळ होती. तोवर कागद आला नव्हता. "तसंच जा, चालतं," असे तो म्हणाला आणि स्वतः गाडी चालवत तिला घेऊन गेला. रस्ता दीड तासाचा. तिने मला पर्समध्ये घेतले होते, कुणी जर्मनमध्ये काही विचारले तर म्हणून. तिने निळी रेशमी साडी नेसली होती.

जर्मनमध्ये कुणी काही विचारले नाही. खिडकीत यम्ना नावाची मुलगी होती, डोक्यावर करडा रुमाल, इंग्रजी बोलणारी. तिने फाइल चाळली आणि निवासाच्या तारखेवर बोट ठेवले.

"मॅडम, हे सात आठवड्यांत संपतंय. रिन्यूअलचं पत्र हवं. कंपनीला फोन करून ईमेल मागवा, मी थांबते."

विभावरीने सूर्यकांतला फोन केला. तो उचलला गेला नाही. मग तिने त्याच्या ऑफिसात लावला. तिथे शौर्य नावाचा पुण्याचाच मुलगा होता, गणपतीला घरी जेवून गेलेला.

"रिन्यूअल?" तो म्हणाला. "काकू, सरांनी तर मार्चमध्येच नॉन-रिन्यूअल साइन केलंय. फेअरवेलची डेट पण फिक्स आहे. तुम्हाला सरप्राइज द्यायचं असेल त्यांना."

विभावरीने त्याचे आभार मानले. यम्नाने फाइल हळूच परत सरकवली आणि "सॉरी, मॅडम" म्हणाली. ती खरेच वाईट वाटून म्हणाली, एवढे मला कळते.

तिथूनच तिने आभाला फोन केला. आभा म्हणाली, "मम्मा, मार्चमध्ये कळलं असतं तर मी तुला माझ्या व्हिसावर घेतलं असतं. आय कुड हॅव डन इट. आता हाऊ विल इट हॅपन बाय मे?"

सूर्यकांत गाडीत बसला होता, एसी चालू ठेवून. विभावरी शेजारी बसली. मी तिच्या मांडीवर होतो.

"शौर्यशी बोलले मी," ती म्हणाली.

त्याने एसी कमी केला.

"मार्चमध्ये सही केलीत."

"हो. दरवर्षी तेच, विभा. मेडिकल करा, रिक्वेस्ट करा, त्या पोरांसमोर जाऊन उभं राहा. कंटाळलो. म्हटलं, खलास. पुण्यात फ्लॅट तयार आहे. तुला सांगणारच होतो."

"मार्चमध्ये मी फॉर्म भरत होते. तुमच्यासमोर बसून."

"म्हणूनच नाही सांगितलं. तू इतकी खुशीत होतीस."

तिने त्याच्याकडे पाहिले. छत्तीस वर्षे ज्या माणसाबरोबर काढली त्याच्याकडे जसे पाहावे, तसे ते पाहणे नव्हते. एखादा शब्द सापडत नाही म्हणून ती माझ्याकडे पाहायची, तसे ते होते.

"पुण्याहून पण जाता येतं," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी दोघं जाऊ."

विभावरी रडली नाही. तिने पट्टा लावला.

हव्वाबीला तिने रविवारी सांगितले. "नाही जमलं गं," एवढेच. हव्वाबीने कारण विचारले नाही. कुठे हात लावायचा नाही, ते नर्सला कळत असावे.

जूनमध्ये घर रिकामे झाले. न्यायच्या वस्तू बॅगांत, द्यायच्या वस्तू दाराजवळच्या खोक्यात. विभावरीने मला स्वतःच्या हाताने खोक्यात ठेवले, रद्दी मासिकांवर. सूर्यकांतने ते पाहिले. तो वाकला, मला उचलले आणि आपल्या हातातल्या बॅगेत घातले.

"हे राहिलं होतं," तो म्हणाला. "जागा आहे माझ्या बॅगेत."

विभावरीने चेन उघडून मला बाहेर काढले.

"राहू द्या. तिकडं शेल्फात हे तुमच्या नजरेला पडेल, आणि तुम्ही पुन्हा म्हणाल, पुढच्या वर्षी. मला ते आता ऐकायचं नाही."

तिने मला परत खोक्यात ठेवले. फेकले नाही, नीट ठेवले. मग चप्पल घातली आणि लिफ्टचे बटण दाबले.

आमच्या इमारतीचा वॉचमन हम्माद याने ते खोके एका जुन्या सामानाच्या दुकानात पोचवले. आता मी तिथे आहे, भात शिजवायचे एक भांडे आणि कार्टून कॅसेटींचा ढीग यांच्यामध्ये. कधी शाळकरी मुले येतात, मला उघडतात, माझ्यात शिव्या शोधतात आणि हसतात. समासातल्या पेन्सिलीच्या अक्षरांकडे कुणाचे लक्ष जात नाही. विभावरी पुढे जर्मनीला गेली की नाही, मला माहीत नाही. कुणी सांगायला येणार नाही.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी जुन्या वस्तूने 'मला जपा' म्हणून विनवायचे असते. मी तसे मागत नाही. माझ्यातला प्रत्येक शब्द आता तुमच्या फोनमध्ये आहे. मला कसर लागली तरी कुणाचे अडणार नाही. पण तुमच्या घरात कुणी कौतुकाने फॉर्म भरत बसले असेल, आणि तो फॉर्म फुकट जाणार हे तुम्हाला ठाऊक असेल, तर ते त्याच दिवशी सांगा. त्याची खुशी मोडेल म्हणून गप्प बसू नका. मोडू द्या. रागावू द्या, रडू द्या. रागावलेला माणूस दुसरी वाट शोधतो. विभावरीला दुसरी वाट होती, तिच्या मुलीच्या घरून जाणारी, आणि ती धरायला तिच्या हातात दोन महिने होते. ते दोन महिने एका सभ्य माणसाने, तिचे मन राखण्यासाठी, स्वतःजवळ ठेवून घेतले.